दोन सनदांचा प्राध्यापक

जर्मनीतील सरकारी विद्यापीठात कॅथलिक ईशज्ञानशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाची नेमणूक राज्य सरकार करते, त्याचा पगार आणि निवृत्तिवेतन सरकारी तिजोरीतून निघते आणि इतर शाखांतील प्राध्यापकांप्रमाणेच तो कायम सरकारी नोकर असतो. परंतु त्याच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब होण्याआधी तेथील बिशपचा, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाचा, होकार यावा लागतो, आणि हा होकार पुढे मागेही घेतला जाऊ शकतो. विद्वत्तेची सनद विद्यापीठ देते, शिकवण्याची सनद चर्च देते, आणि दोन्ही सनदा हाती असल्या तरच त्याला भावी धर्मगुरूंच्या आणि शाळांतील भावी धर्मशिक्षकांच्या वर्गापुढे उभे राहता येते. चर्चच्या होकाराला लॅटिन नावे आहेत. नेमणुकीपूर्वी बिशप जे कळवतो ते ‘निहिल ऑब्स्टाट’, म्हणजे आड येण्यासारखे काही नाही; आणि शिकवण्याचा जो अधिकार सोपवला जातो तो ‘मिस्सिओ कॅनोनिका’, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार दिलेली कामगिरी.

भारतीय वाचकाला ही व्यवस्था अपरिचित वाटेल. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात सुन्नी आणि शिया ईशज्ञानाचे विभाग आहेत, काशी हिंदू विद्यापीठात संस्कृतविद्या धर्मविज्ञान संकाय आहे. परंतु कॅथलिक ईशज्ञान भारतात मुख्यतः चर्चच्या स्वतःच्या संस्थांमध्येच शिकवले जाते. त्यांतील एक मोठी संस्था पुण्यात नगर रस्त्यावर आहे. पोप तेरावे लिओ यांच्या कारकिर्दीत १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेली सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी पाठशाळा, १९५५ मध्ये पुण्याला आली. तिच्याशी जोडलेल्या ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान या विषयांच्या पदव्या रोमच्या अधिकाराने दिल्या जातात. अशा ठिकाणी अध्यापकाला नेमणारी आणि त्याला शिकवण्याचा अधिकार देणारी सत्ता एकच असते. जर्मनीत त्या दोन असतात, आणि या दुहेरीपणामुळे अध्यापकाचे काय होते हे विसाव्या शतकातील काही कारकिर्दींवरून फार स्पष्ट दिसते.

दुहेरीपणाचे मूळ मात्र जुने आहे. मध्ययुगीन पॅरिसमध्ये शिकवू इच्छिणाऱ्या विद्वानाला बिशपच्या मुख्य चर्चच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, चॅन्सेलरकडून ‘लिकेन्शिया डोसेन्डी’ मिळवावी लागे. मराठीत गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी रुळलेला ‘लायसन’ हा शब्द याच लॅटिन कुळातला आहे. तेराव्या शतकात पॅरिसला शिकवणारे थॉमस अक्वायनस हे पुढे कॅथलिक विचारवंतांचे शिरोमणी मानले गेले, परंतु १२७४ मध्ये ते वारल्यावर तीनच वर्षांनी पॅरिसच्या बिशपने निषिद्ध ठरवलेल्या २१९ विधानांपैकी काही विधाने थॉमस यांच्याही मतांना लागू पडत होती, आणि १३२३ मध्ये तेच थॉमस संत म्हणून घोषित झाले. अध्यापकाचे म्हणणे आज निषिद्ध आणि उद्या प्रमाण, ही या व्यवसायातील जुनीच रीत म्हणावी लागेल.

आधुनिक जर्मनीत या संबंधाला करारांचा आधार आहे. पोपची सत्ता आणि एखादे राज्य यांच्यात होणाऱ्या कराराला ‘कॉन्कॉर्डाट’ म्हणतात. बव्हेरियाने असा करार १९२४ मध्ये केला. संपूर्ण जर्मनीसाठी तो २० जुलै १९३३ रोजी झाला आणि त्याच्या एकोणिसाव्या कलमाने सरकारी विद्यापीठांतील कॅथलिक ईशज्ञानाच्या विद्याशाखा कायम ठेवण्याची हमी दिली. ही सही हिटलरच्या सरकारची होती, ही गोष्ट अनेकांना आजही बोचते. तरीही पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९५७ मध्ये तो करार वैध असल्याचा निर्वाळा दिला आणि आजही दहाहून अधिक सरकारी विद्यापीठांत अशा विद्याशाखा चालू आहेत. ट्यूबिंगेन आणि बॉन यांसारख्या ठिकाणी तर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन विद्याशाखा एकाच विद्यापीठात शेजारी शेजारी नांदतात.

या विद्याशाखेत नेमके काय शिकवतात, याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ‘ईशज्ञानशास्त्र’ म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रवचन उभे राहते. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या भाषांशी झटापट करावी लागते, बायबलमधील ग्रंथ कधी आणि कसे रचले गेले हे तपासावे लागते, चर्चचा इतिहास, उपासनाविधी आणि कायदा शिकावा लागतो; आणि या सगळ्यांच्या मध्यभागी ‘डॉग्मॅटिक्स’ म्हणजे सिद्धान्तशास्त्र असते, ज्यात चर्चने मान्य केलेल्या श्रद्धातत्त्वांची संगती लावली जाते. भारतीय दर्शनांच्या परिभाषेत बोलायचे तर हे शब्दप्रमाण मानून चालणारे शास्त्र आहे. परंतु शब्द प्रमाण का मानावा, हा प्रश्न त्या शब्दाच्या आधारे सुटत नाही. तिथे अनुमान लागते, तर्क लागतो, म्हणजेच तत्त्वज्ञान लागते. म्हणूनच धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्याच्या शिक्षणात आरंभीची सुमारे दोन वर्षे तत्त्वज्ञानाला दिलेली असतात, आणि पोप तेरावे लिओ यांनी १८७९ मध्ये काढलेल्या पत्रकाने त्या तत्त्वज्ञानाच्या केंद्रस्थानी थॉमस अक्वायनस यांना बसवले.

तत्त्वज्ञान ही ईशज्ञानाची दासी आहे, अशी मध्ययुगीन समजूत होती. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९८ मध्ये विद्याशाखांच्या भांडणावर लिहिताना तिची मिस्कील फिरकी घेतली: दासी म्हणायला हरकत नाही, परंतु ती मालकिणीच्या मागून तिच्या वस्त्राचा घोळ सावरीत चालते की पुढे मशाल धरून चालते, हे आधी ठरवावे. या प्रश्नाचे उत्तर आजही ठरलेले नाही. ‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ असे काही असू शकते का, यावर फ्रान्समध्ये १९३०च्या दशकात मोठा वाद झाला. मध्ययुगीन विचारांचे अभ्यासक एत्येन जिल्सों ‘असू शकते’ म्हणत होते, तर जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांच्या मते ख्रिस्ती तत्त्वज्ञान म्हणजे लाकडाचे लोखंड होते. भारतीय नैयायिकांनी यालाच वंध्यापुत्र म्हटले असते. हायडेगर यांच्या या तुसडेपणाला त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी आहे, हे विसरून चालणार नाही. त्यांनी विद्यापीठात प्रवेश घेतला तो कॅथलिक ईशज्ञानाचा विद्यार्थी म्हणून. पुढे फ्रायबुर्ग विद्यापीठात कॅथलिक तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर, म्हणजे प्राध्यापकाच्या कायम जागेवर, त्यांचा डोळा होता, ती जागा १९१६ मध्ये दुसऱ्याला मिळाली, आणि १९१९ मध्ये त्यांनी कॅथलिक विचारव्यवस्थेशी फारकत घेतली.

विद्यापीठांनी अशा अध्यासनांची सोय मात्र केलेली होती. इटलीत जन्मलेले आणि जर्मनीत वाढलेले रोमानो ग्वार्दिनी यांना १९२३ मध्ये बर्लिनला धर्माचे तत्त्वज्ञान आणि कॅथलिक जीवनदृष्टी या विषयाचे अध्यासन मिळाले. परंतु प्रॉटेस्टंट वळणाच्या त्या विद्यापीठाला कॅथलिक प्राध्यापक आपल्या पटावर नको होता, म्हणून ग्वार्दिनी यांची नेमणूक कागदोपत्री ब्रेस्लाउची आणि शिकवणे बर्लिनला, अशी युक्ती काढली गेली. नाझी राजवटीने १९३९ मध्ये ते अध्यासन बंद केले. युद्धानंतर ग्वार्दिनी ट्यूबिंगेनमार्गे म्युनिकला गेले आणि तेथील त्यांच्या जागेवर १९६४ मध्ये ईशज्ञ कार्ल रानर आले. या रानर यांचा तत्त्वज्ञानाचा प्रबंध फ्रायबुर्गच्या मार्गदर्शकाने नाकारलेला होता; तोच प्रबंध १९३९ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि विसाव्या शतकातील कॅथलिक विचारांवर त्याची गडद छाप उमटली. बव्हेरियात तर ईशज्ञानाच्या विद्याशाखेबाहेर, तत्त्वज्ञानासारख्या विषयांतही, काही अध्यासने अशी होती की तेथील नेमणुकीत बिशपला शब्द टाकता येई. २०१३ मध्ये तेथील बिशपांनी आपण हा हक्क यापुढे वापरणार नाही असे जाहीर केले.

अध्यापक होण्याची वाट लांब आहे. पदवीनंतर डॉक्टरेट, आणि तिथे मार्गदर्शकाला जर्मन भाषेत ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टरेटचा बाप, म्हणतात. त्यानंतर ‘हाबिलिटात्सिओन’, म्हणजे दुसरा, पहिल्याहून मोठा प्रबंध आणि विद्याशाखेपुढे जाहीर व्याख्यान. हा दुसरा प्रबंध मान्य झाला तरच स्वतंत्रपणे शिकवण्याचा हक्क मिळतो, परंतु नोकरी मिळतेच असे नाही. अध्यासन रिकामे झाले की विद्यापीठाकडून ‘रूफ’ येतो. या शब्दाचा अर्थच मुळी ‘हाक’ असा आहे. आपल्याच विद्यापीठात बढती घेऊन प्राध्यापक होणे तेथे शिष्टसंमत नाही, म्हणून चांगला अध्यापक गावोगाव फिरत राहतो. योझेफ रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी पंचवीस वर्षांत फ्रायसिंग, बॉन, म्युन्स्टर, ट्यूबिंगेन आणि रेगेन्सबुर्ग अशा पाच गावी अध्यापन केले, आणि त्यांची ही फिरती अपवादात्मक मानली जात नाही.

रात्झिंगर यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड प्रसंग त्यांच्या दुसऱ्या प्रबंधाचा होता, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. बव्हेरियातील एका पोलीस शिपायाचा हा मुलगा १९५१ मध्ये थोरला भाऊ गेओर्ग यांच्यासह धर्मगुरू झाला, १९५३ मध्ये म्युनिकला संत ऑगस्टीन यांच्या चर्चविषयक विचारांवर डॉक्टर झाला आणि फ्रायसिंगच्या पाठशाळेत शिकवू लागला. मार्गदर्शक गोटलीप झ्यॉन्गेन यांनी दुसऱ्या प्रबंधासाठी तेराव्या शतकातील संत बोनाव्हेंतुरा यांचा विषय सुचवला. प्रबंध टंकलिखित करणारी व्यक्ती संथ होती आणि पाने हरवत असे, ही पहिली कटकट. प्रबंध सादर झाल्यावर रात्झिंगर यांनी आपल्या वृद्ध आईवडिलांना फ्रायसिंगला स्वतःच्या निवासस्थानी आणले, आणि ते घर नोकरीवर अवलंबून होते. १९५६ च्या ईस्टरच्या सुमारास सिद्धान्तशास्त्राच्या अध्यापकांची एक परिषद भरली असताना दुसरे परीक्षक मिखाएल श्माउस यांनी रात्झिंगर यांना सांगितले की प्रबंध नाकारावा लागणार आहे. प्रबंधाची प्रत परत आली तेव्हा तिच्या समासांत निरनिराळ्या रंगांच्या शाईने शेरे मारलेले होते.

वादाचा मुद्दा बारीक वाटला तरी मूलगामी होता. ‘प्रकटीकरण’, म्हणजे ईश्वराने स्वतःला उघड करणे, ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या पायाशी आहे. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत प्रकटीकरण म्हणजे बायबलमध्ये ग्रथित झालेली वचने असा अर्थ रूढ झाला होता. बोनाव्हेंतुरांच्या आधारे रात्झिंगर यांनी असे मांडले की प्रकटीकरण ही मुळात एक क्रिया आहे, ग्रंथ ही तिची नोंद आहे, आणि क्रिया म्हटली की ती ज्याच्यापर्यंत पोहोचते तो ग्रहण करणाराही तिच्यात अंतर्भूत होतो. श्माउस यांना यात व्यक्तिनिष्ठतेचा धोका दिसला. रात्झिंगर यांच्या ध्यानात आले की प्रबंधाच्या शेवटच्या भागावर, म्हणजे बोनाव्हेंतुरांच्या इतिहासविचारावर, शेरे सर्वांत कमी आहेत. त्यांनी तेवढाच भाग वेगळा काढून, त्याला स्वतंत्र रूप देऊन पुन्हा सादर केला आणि तो मान्य झाला. २१ फेब्रुवारी १९५७ रोजी जाहीर व्याख्यान झाले, ते संपताच झ्यॉन्गेन आणि श्माउस हे दोघे परीक्षकच आपसात हिरिरीने भांडू लागले आणि उमेदवार बाजूला राहिला. मग बराच वेळ खल झाला आणि अखेर विद्याशाखेच्या अधिष्ठात्यांनी बाहेर व्हरांड्यात येऊन ‘उत्तीर्ण’ एवढेच सांगितले. नाकारलेल्या भागातील विचार आठच वर्षांनी, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या, प्रकटीकरणविषयक दस्तऐवजात वेगळ्या शब्दांत उमटला, आणि संपूर्ण प्रबंध छापला गेला तो २००९ मध्ये, प्रबंधकार पोप झाल्यावर चार वर्षांनी. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. ज्यांनी पुढे जवळपास पाव शतक चर्चच्या सिद्धान्तांची राखण केली, त्या माणसाची वाट आरंभी अडवली ती रोमने नव्हे, विद्यापीठातल्याच एका प्राध्यापकाने.

१९५९ मध्ये बॉनला गेल्यावर रात्झिंगर यांनी अध्यासन ग्रहण करताना जे व्याख्यान दिले त्याचा विषय होता श्रद्धेचा ईश्वर आणि तत्त्वज्ञांचा ईश्वर. या व्यवसायाची सगळी पेचदार गाठ या शीर्षकात आली आहे. बॉनमध्ये त्यांची मैत्री पाउल हाकर यांच्याशी झाली. हाकर हे प्राच्यविद्येतील मोठे नाव, शांकर अद्वैताच्या ग्रंथांचे चिकित्सक अभ्यासक; ते मूळचे ल्युथरपंथी होते आणि १९६२ मध्ये कॅथलिक झाले. दोघांचा संवाद रात्र रात्र चाले आणि हिंदू धर्माविषयी रात्झिंगर यांना जे कळले त्यात हाकर यांचा वाटा मोठा होता. हिंदू विचारपरंपरा इतरांची सत्ये आपल्या पोटात घेऊन त्यांना खालची पायरी देते, असे हाकर यांचे मत होते. त्यावर भारतीय अभ्यासकांनी आक्षेप घेतले आणि ते बव्हंशी रास्तही आहेत, परंतु भावी पोपला वेदान्ताची तोंडओळख अशा टीकाकाराकडून झाली, ही बाब दुर्लक्षण्याजोगी नाही.

जर्मन अध्यापकाचा दिवस बाहेरून साधा दिसतो. वेळापत्रकावर दहा वाजताचे व्याख्यान सव्वादहाला सुरू होते, कारण विद्यापीठीय पाव तासाची सवलत ही तेथली जुनी प्रथा आहे. व्याख्यानाला ‘फोरलेझुंग’, म्हणजे वाचून दाखवणे, म्हणतात, आणि पुष्कळ अध्यापक खरोखरच लिहून आणलेला मजकूर वाचतात. व्याख्यान आवडले तर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर बोटांची पेरे ठोठावतात. १९६७ च्या उन्हाळ्यात रात्झिंगर यांनी ट्यूबिंगेनला सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानांतून त्यांचे ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणारे पुस्तक १९६८ मध्ये तयार झाले आणि अनेक भाषांत गेले. वर्गाबाहेरही कामे असतात. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात रोमला भरली तेव्हा कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्यांची भाषणे तयार करण्यात आणि मसुदे पारखण्यात पस्तिशीतले रात्झिंगर त्यांचे सल्लागार होते.

त्याच परिषदेत आणखी एक तरुण सल्लागार वावरत होते, हान्स क्युंग. ते स्वित्झर्लंडचे, रात्झिंगर यांच्याहून वर्षाने लहान. त्यांचे शिक्षण रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात झाले, डॉक्टरेट पॅरिसला, प्रॉटेस्टंट ईशज्ञ कार्ल बार्ट यांच्यावर. दुसरा प्रबंध पुरा होण्याआधीच, १९६० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांना ट्यूबिंगेनची हाक आली. रात्झिंगर १९६६ मध्ये ट्यूबिंगेनला आले ते क्युंग यांच्याच पुढाकाराने. एक सायकलवरून येई, दुसरा आल्फा रोमिओ मोटारीतून, हे चित्र त्या काळच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे आणि त्यावरून दोघांचे स्वभाव रेखाटण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर रात्झिंगर शांत रेगेन्सबुर्गला गेले. ते आंदोलनाला घाबरून पळाले, ही गोष्ट फार चवीने सांगितली जाते; भाऊ गेओर्ग तेथील कॅथेड्रलच्या बालगायकवृंदाचे प्रमुख होते, हे कारण तितके चटकदार नसल्याने मागे पडते.

क्युंग यांनी १९७० मध्ये पोपच्या अस्खलनशीलतेवर पुस्तक लिहिले. पोप श्रद्धा वा नीती यांविषयी विशिष्ट रीतीने, सर्वोच्च अधिकाराने निर्णय देतात तेव्हा तो चुकू शकत नाही, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये ठरवले होते. या सिद्धान्ताला पुरेसा आधार आहे का, असा क्युंग यांचा प्रश्न होता. रोमशी पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. क्युंग रोमला चौकशीसाठी गेले नाहीत, कारण आधी आपली फाइल आपल्याला दाखवा ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. अखेर १८ डिसेंबर १९७९ रोजी रोमने जाहीर केले की क्युंग यांना यापुढे कॅथलिक ईशज्ञ मानता येणार नाही आणि ते त्या नात्याने शिकवू शकत नाहीत. दुसरी सनद गेली. ट्यूबिंगेनमध्ये विद्यार्थी निषेधासाठी रस्त्यावर उतरले. क्युंग यांना चर्चमधून बहिष्कृत केलेले नव्हते, ते धर्मगुरू राहिलेच. फक्त त्यांच्या वर्गात बसून दिलेली परीक्षा कॅथलिक ईशज्ञानाच्या पदवीसाठी धरली जाणार नव्हती.

मग जे घडले त्यात या दुहेरी व्यवस्थेचे मर्म आहे. क्युंग सरकारी नोकर होते, आणि चर्चचा विश्वास गमावणे हा सरकारी नोकराला काढून टाकण्याचा आधार होऊ शकत नव्हता. १९८० मध्ये तडजोड झाली: क्युंग यांचे अध्यासन आणि सर्वपंथीय अभ्यासाची त्यांची संस्था कॅथलिक विद्याशाखेतून बाहेर काढून थेट विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत ठेवण्यात आली, आणि १९९६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे शिकवत राहिले. सक्तीची परीक्षा नसलेल्या या वर्गांना निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी येत. ट्यूबिंगेनचेच भारतविद्यापंडित हाइनरिश फॉन श्टीटेनक्रोन आणि इतर सहकारी यांच्यासह हिंदू, बौद्ध आणि इस्लाम या धर्मांवरील त्यांचा संवादग्रंथ १९८४ मध्ये निघाला; १९९३ मध्ये शिकागोच्या विश्वधर्मसंसदेने स्वीकारलेल्या जागतिक नीतितत्त्वांच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांचाच. एका सत्तेने अधिकार काढला तरी दुसऱ्या सत्तेने भाकरी आणि व्यासपीठ शाबूत ठेवले. दोन मालकांची चाकरी म्हणून या व्यवस्थेला नावे ठेवणाऱ्यांनी याकडे नीट पाहिलेले नाही; दोन मालक असले की कोणताही एक जण नोकराला पुरता उघड्यावर टाकू शकत नाही.

स्त्रियांना मात्र आधी या दारातून आत येण्यासाठीच झगडावे लागले. तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांच्या सहायक एडिट श्टाइन यांना १९१९ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने दुसरा प्रबंध सादर करू दिला नाही. त्यांनी सरकारकडे दाद मागितली आणि स्त्री असणे ही यात आडकाठी मानता येणार नाही असा आदेश फेब्रुवारी १९२० मध्ये निघाला, पण त्याचा लाभ त्यांना स्वतःला झाला नाही. त्या १९२२ मध्ये कॅथलिक झाल्या, १९३२ मध्ये म्युन्स्टरच्या शिक्षणशास्त्र संस्थेत व्याख्यात्या झाल्या, ज्यू वंशाच्या म्हणून १९३३ मध्ये त्यांना ती जागा सोडावी लागली, आणि १९४२ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. कॅथलिक ईशज्ञानात दुसरा प्रबंध मान्य झालेल्या पहिल्या स्त्री उटा रांके-हाइनेमान. त्या १९६९ मध्ये ही पायरी चढल्या आणि पुढच्या वर्षी एसेनला प्राध्यापक झाल्या. म्युनिकला त्या रात्झिंगर यांच्या सहाध्यायी होत्या. मरियेच्या कौमार्याविषयीच्या सिद्धान्ताचा शब्दशः अर्थ नाकारल्यामुळे १९८७ मध्ये त्यांची चर्चची सनद गेली आणि क्युंग यांच्याप्रमाणेच त्यांनाही विद्यापीठाने चर्चशी न बांधलेले, धर्मेतिहासाचे अध्यासन दिले.

एकच सनद असलेल्या अध्यापकाचे काय होते, हे झाक द्युप्युई यांच्या उदाहरणावरून दिसते, आणि ते उदाहरण भारताशी जोडलेले आहे. बेल्जियमचे हे जेझुइट संघाचे धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले, दार्जिलिंगजवळील कुर्सियाँग येथे आणि नंतर दिल्लीला त्यांनी ईशज्ञान शिकवले आणि १९८४ मध्ये ते रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात गेले. इतर धर्मांनाही ईश्वराच्या योजनेत काही स्थान आहे का, हा प्रश्न त्यांना भारतातील वास्तव्यानेच दिला होता. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९७ मध्ये निघाला. १९९८ मध्ये त्याची चौकशी सुरू झाली आणि त्यांचे वर्गातील अध्यापन थांबले. २००१ मध्ये निर्णय आला तो इतकाच की ग्रंथात काही संदिग्ध जागा आहेत. चौकशी करणाऱ्या खात्याचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर होते. ग्रेगोरियन हे पोपच्याच अधिकाराखालचे विद्यापीठ असल्याने द्युप्युई यांना उचलून धरील असा दुसरा कोणी मालक तेथे नव्हता. ते २००४ च्या डिसेंबरात वारले.

ही जर्मन व्यवस्था आता ख्रिस्ती धर्मापुरती राहिलेली नाही. २०१० नंतर ट्यूबिंगेन, म्युन्स्टर आणि अन्य काही विद्यापीठांत इस्लामी ईशज्ञानाची केंद्रे सरकारी खर्चाने उभी राहिली, आणि अध्यापकांच्या नेमणुकीत मुस्लिम समाजाच्या सल्लागार मंडळाला तोच होकार-नकाराचा हक्क देण्यात आला. कोणत्या संघटनांनी त्या मंडळात बसावे यावरून लगेच वाद झडू लागले, हे ओघाने आलेच.

रात्झिंगर पोप झाल्यावर १२ सप्टेंबर २००६ रोजी रेगेन्सबुर्गला आपल्या जुन्या विद्यापीठात व्याख्यान द्यायला गेले. इस्लामविषयीच्या एका मध्ययुगीन अवतरणामुळे ते व्याख्यान जगभर गाजले, आणि त्या गदारोळात त्याचा आरंभ हरवला. बॉनचे दिवस आठवून त्यांनी सांगितले होते की त्या काळी एक सहकारी गमतीने म्हणे, या विद्यापीठात एक विचित्र गोष्ट आहे, अस्तित्वातच नसलेल्या ईश्वरासाठी येथे दोन दोन विद्याशाखा आहेत; आणि असे म्हणणाऱ्यांसोबतही त्या दोन विद्याशाखा विद्यापीठाचा भाग म्हणून बिनतक्रार नांदत होत्या. त्याआधी वर्षभर, २४ सप्टेंबर २००५ रोजी, याच पोपनी क्युंग यांना कास्टेल गांडोल्फो येथील उन्हाळी निवासस्थानी भेटीला बोलावले होते. दोघे काही तास बोलले, सिद्धान्तांच्या वादात शिरायचे नाही असे आधीच ठरलेले होते, आणि जागतिक नीती व विज्ञान-श्रद्धा यांचा संबंध यांवर चर्चा झाली. क्युंग ६ एप्रिल २०२१ रोजी ट्यूबिंगेनला वारले. १९७९ मध्ये काढून घेतलेली सनद त्यांना शेवटपर्यंत परत मिळाली नाही.